परुळेकरांच्या घरातलं मीठ

विलासराव परुळेकर मुंबईच्या एका सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. महिनाभर वसईतल्या माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये बसून काढल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आता आपल्या हाताखाली कुणीच उरलेलं नाही. बायको होती. पण आशालताबाई सगळं ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या आणि शेवटी करायचं तेच करायच्या. अशा माणसावर देखरेख करण्यात काय गंमत? तेव्हा विलासरावांनी स्वतःचं शरीरच देखरेखीखाली घेतलं.

निमित्त झालं रक्तदाबाचं. १९९९ च्या उन्हाळ्यात एकदा चक्कर आली म्हणून आशालताबाईंनी त्यांना डॉक्टर युजीन यांच्याकडे नेलं. डॉक्टर वसईचेच, मोजकं बोलणारे. त्यांनी पट्टा बांधून दाब पाहिला, एक गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "लोणचं, पापड, सुकी मासळी बंद. मीठ कमी करा, स्वयंपाकात तुमच्या वाट्याला दिवसभरात अर्धा चमचा, बस. गोळीने लघवी जास्त होईल, घाबरू नका."

"ते झालं," विलासराव म्हणाले. "पण आतली व्यवस्था कुणी बघायची? पाणी किती, मीठ किती, उष्णता किती?"

डॉक्टर हसले. "ते शरीर स्वतःच बघतं. उकडलं की घाम काढतं, थंडी वाजली की कुडकुडतं. पाणी कमी पडलं की तहान लावतं, मीठ जास्त झालं की मूत्रपिंडं बाहेर टाकतात. चोवीस तास चालू असतं ते काम. आपण त्यात लुडबूड करायची नाही, एवढंच."

हे विलासरावांना फार लागलं. घरी येताना रिक्षात ते एकच घोकत होते, अधीक्षकाशिवाय खातं चालतंच कसं? चौतीस वर्षांच्या नोकरीत ते एकच गोष्ट शिकले होते, वर बघणारा नसला की खालचे काम करत नाहीत. मूत्रपिंडं काय वेगळ्या मातीची होती? त्या डॉक्टरची पायरी पुन्हा चढायची नाही हे त्यांनी रिक्षातच ठरवलं. शिवाय 'कमी करा' या शब्दांचा सरकारी अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता. जे कमी करायला घेतात ते शेवटी रद्दच होतं, मग दोन टप्पे कशाला? त्याच संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, की उद्यापासून या घरात मीठ बंद. पाणी मात्र दिवसाला सहा लिटर, आतलं सगळं धुऊन निघायला हवं.

आशालताबाईंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढं मीठ चमच्याने मोजून घातलं, ना कमी ना जास्त. तीस वर्षं प्रत्येक जेवणाला लोणच्याची वाटी चाटूनपुसून संपवणारा माणूस तो, त्याला ते जेवण अळणीच लागणार. पहिला घास घेऊन विलासराव म्हणाले, "वा. मीठ नसलं की पदार्थाची खरी चव कळते बघ." आशालताबाई तोंड फिरवून तांब्यात पाणी भरायला लागल्या. नवऱ्याचा हुकूम मोडला हे खरं, पण डॉक्टरांचा पाळला होता. त्या दोघांत या विषयातलं कळतं कुणाला, हे सांगायला आशालताबाईंना कुणाची गरज नव्हती.

अडचण होती ती मीठ ठेवायचं कुठे याची. बरणी तर विलासरावांनी स्वतःच्या हाताने मोरीत रिकामी केली होती, त्याआधी बाजूला काढलेलं वाटीभर मीठ किती दिवस पुरणार? यावर आशालताबाईंनी जो तोडगा काढला तो फक्त विलासरावांसारख्या नवऱ्यालाच लागू पडला असता. "अहो," त्या म्हणाल्या, "हल्ली लोक तुमच्या तब्येतीकडे टक लावून बघतात. रोज मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायला हवी."

विलासरावांनी क्षणभर विचार केला. "खायचं नाही ना?"

"छे. ओवाळून टाकायचं."

"मग ठेव."

अशी मिठाला रीतसर परवानगी मिळाली. घरकामाला येणारी कमळी खाडीकाठच्या गावची, तिच्या माहेरी मिठागर. ती दर महिन्याला जाडं मीठ फडक्यात बांधून आणायची. "बाय, येवढी कोन नजर लावतं साह्यबांना?" तिने एकदा विचारलं. आशालताबाईंनी तिला खरं सांगून टाकलं. कमळी हसून हसून भांडी घासायची थांबली.

रोज संध्याकाळी विलासराव डोळे मिटून पाटावर बसत. आशालताबाई मूठ ओवाळत आणि स्वयंपाकघरात जात. त्या मुठीतलं थोडं विस्तवावर पडे, बाकीचं चमच्याने मोजून आमटीत.

सहा महिन्यांनी औषधाच्या दुकानात मोजून पाहिला तेव्हा विलासरावांचा दाब जागेवर आला होता. गोळी आशालताबाई रोज सकाळी चहाबरोबर देत होत्या, मीठ मापात होतं, लोणचं गेलं होतं. दुसरं काय होणार होतं? पण श्रेय घ्यायला माणूस तयारच बसला होता. तळमजल्यावर बळीराम म्हणून एक गृहस्थ राहत, कुठल्या ना कुठल्या मंडळाचे चिटणीस असल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. त्यांनी विलासरावांचा दाब ऐकला आणि पंधरा दिवसांत 'निर्लवण आरोग्य मंडळ' उभं राहिलं. पहाटे साडेपाचला गच्चीवर वीस-बावीस निवृत्त माणसं जमू लागली आणि प्रत्येकी सव्वा लिटर पाणी उभ्याने पिऊ लागली. इमारतीला दिवसाआड अर्धा तास पाणी, बाकी सगळं टँकरवर. वरच्या मजल्यावरच्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन शिव्या मोजत. पण आरोग्यापुढे त्यांचं कोण ऐकतो?

मग व्याख्यानं सुरू झाली. शाळेच्या सभागृहात, कुणाच्या वाढदिवसाला, एकदा तर आचोळ्याला एका बारशात. विलासराव उभे राहत आणि धीरगंभीर आवाजात सांगत, "गेली दोन वर्षं माझ्या पोटात मिठाचा कण गेलेला नाही. शरीर हे कामचुकार आहे. ते आपण सांगू तेवढंच करतं." टाळ्या पडत. पहिल्या रांगेत आशालताबाई पदर सावरून बसलेल्या असत. सुरुवातीला त्यांना लाज वाटे, नंतर गंमत वाटायला लागली. खोटं सांगायचं तर त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

गंमत संपली ती २००१ च्या मे महिन्यात. मंडळाने वसईजवळच्या कामणला सात दिवसांचं निवासी शिबिर जाहीर केलं. जागा मार्सेल यांची. ते माणिकपूरचे जुने रहिवासी, कामणला गोदामं बांधून भाड्याने देत, त्यातलं एक पत्र्याचं गोदाम रिकामं होतं. स्वयंपाक बळीराम करणार, उकडलेल्या भाज्या आणि भाताचा. पाण्याचं माप दिवसाला नऊ लिटर. बायकांना प्रवेश नाही.

"बायकांना का नाही?" आशालताबाईंनी विचारलं.

"बायकांचा हात सैल असतो," विलासराव म्हणाले. "एखादीने चिमूटभर टाकलं तर माझी दोन वर्षांची तपश्चर्या पाण्यात."

आशालताबाईंनी मनाशी हिशेब मांडला. मे महिना, पत्र्याचं गोदाम, नऊ लिटर पाणी, मीठ शून्य, आणि वर ती लघवी जास्त करणारी गोळी. त्यांना विज्ञान येत नव्हतं, पण घर चालवता येत होतं. नुसतं बाहेर जात राहिलं आणि आत काहीच आलं नाही तर काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आदल्या दिवशी त्या विलासरावांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "अहो, तुम्हाला एक सांगायचंय."

"आल्यावर सांग. उद्घाटनाचं भाषण पाठ करतोय."

"आत्ताच सांगायला हवं."

"आशा, माझी लिंक तुटते."

त्यांनी सांगितलं नाही. पुढे त्यांनी स्वतःला कशाबद्दल माफ केलं नसेल तर याबद्दल. दोन वर्षांचा मान एका वाक्यात धुळीला मिळवायला जीभ रेटेना, आणि तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या रागाला भ्यायची सवयही होती. त्यांनी एवढंच केलं, की दंतमंजनाच्या डबीत चार चमचे मीठ मिसळलं. माणूस दंतमंजन थुंकतो हे त्यांच्या ध्यानात आलं ते गाडी सुटल्यावर.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी कमळी आली ती दारातच थांबली. तिचा नवरा काळूराम पूर्वी मिठागरावर होता, आता टँकर चालवायचा, आणि शिबिराला पाणी तोच टाकत होता.

"बाय, आमचे ह्ये सांगत व्हते," कमळी म्हणाली, "साह्यब पान्याच्या डरमाशी बोलत बसलेत. त्याला फाइल मागतात."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे गोदामाच्या मागं वडापाव खातात."

आशालताबाईंनी गॅस बंद केला, डॉक्टरांचा जुना कागद आणि गोळ्यांची पट्टी पिशवीत टाकली आणि त्या खाली उतरल्या. काळूराम इमारतीची टाकी भरून निघतच होता. साठीला आलेली बाई नऊवारीचा काष्टा आवळून टँकरच्या केबिनमध्ये चढली. वाटेत काळूराम म्हणाला, "मिठागरावर आमी उन्हात पेजंत मीठ टाकूनच प्यायचो, बाय. नुसत्या पान्यावर मानूस उभा नाय ऱ्हात." आशालताबाईंना रडू आलं. दोन वर्षं त्या गालातल्या गालात हसत होत्या, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो माणूस तिकडे एकटा पडला होता.

गोदामात शिरल्याबरोबर उकाड्याने जीव गुदमरला. वीसएक माणसं चटयांवर बसली होती, चांगली टवटवीत. मधोमध विलासराव. चेहरा सुजल्यासारखा, नजर कुठेच नाही. त्यांच्यासमोर निळा प्लास्टिकचा ड्रम होता आणि ते त्याला म्हणत होते, "जोशी, टिपणी अजून आली नाही."

"अहो," आशालताबाईंनी त्यांचा हात धरला.

त्यांनी वळून पाहिलं. "बाई, अर्ज खिडकीवर द्या," ते म्हणाले.

बळीराम लगबगीने पुढे आले. "वहिनी, काळजी करू नका. कालपासून साहेबांची समाधी लागलीय. शुद्धीकरण पूर्णत्वाला गेलं की असं होतं."

"तुमची का नाही लागली?"

आशालताबाईंनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. एकाच्या मिशीत शेव होती. मग त्या सरळ विचारत्या झाल्या, "तुमच्यापैकी कुणी कुणी मीठ खाल्लंय?"

शेवटी मार्सेल उठले, आपल्या पिशवीतून कोळंबीच्या लोणच्याची बाटली काढून त्यांनी समोर ठेवली. ती अर्धी झाली होती. "पहिल्याच संध्याकाळी माझ्या पायांत गोळे आले, बाई. खोटं कशाला बोलू? अंगच मीठ मागत होतं." त्यांच्यामागून एकेक पिशवी उघडायला लागली. वेफर्स, चिवडा, खारे दाणे, कागदात बांधलेले सुके बोंबील. बळीरामांनी सर्वांत शेवटी, मान खाली घालून, पापडांचं पुडकं बाहेर काढलं. बावीस माणसांच्या शरीरांनी मालकांचा हुकूम धुडकावून आपापली सोय लावून घेतली होती. प्रामाणिकपणे अळणी राहिला होता तो एकच माणूस, आणि तो ड्रमला रजा नामंजूर करत होता.

मार्सेल आणि काळूरामने विलासरावांना उचलून केबिनमध्ये बसवलं. बळीराम टँकरच्या कडेला लटकत आले, कारण मंडळाचं नाव सांभाळायला चिटणीस हवा होता.

डॉक्टर युजीन यांचं आता दहा खाटांचं छोटं रुग्णालय झालं होतं. त्यांनी बुबुळं पाहिली, हातपाय हलवून पाहिले, दाब घेतला. विलासराव आता ड्रमशीही बोलत नव्हते. "कधीपासून असं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कालपासून," बळीराम म्हणाले. "पण डॉक्टर, एक लक्षात घ्या. साहेबांनी दोन वर्षं मिठाचा कण घेतलेला नाही. त्यांच्या शरीराला सवय आहे. मिठाचा काही संबंध नाही."

डॉक्टर थांबले. "दोन वर्षं? अजिबात नाही?"

"अजिबात नाही. अख्ख्या वसईला माहीत आहे."

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "दोन वर्षं मीठ नव्हतं आणि माणूस ठणठणीत होता, तर आज अचानक मिठाने हे होणार नाही. मग मेंदूत गाठ किंवा रक्तस्राव धरून चालावं लागेल. रक्ताचा नमुना बाहेर जातो, रिपोर्टला तीन तास. तेवढं थांबता येणार नाही. मुंबईला हलवा." त्यांनी नर्सला रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं.

आशालताबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. दारात आणखी सात-आठ शिष्य येऊन थांबले होते, मागून जीपने आलेले. मुंबई म्हणजे हायवेवर दोन तास, कदाचित तीन, आणि तेही चुकीच्या रोगासाठी.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मी रोज घालत होते."

"काय?"

"मीठ. दोन वर्षं. तुम्ही सांगितलं होतं तेवढंच, दिवसाला अर्धा चमचा, मोजून. एक दिवस चुकवला नाही. यांना माहीत नाही. बंद झालंय ते चार दिवसांपूर्वी, शिबिरात."

"वहिनी घाबरल्यात," बळीराम घाईघाईने म्हणाले, "त्यांना आपण काय बोलतोय ते..."

"तुम्ही गप्प बसा," डॉक्टर म्हणाले. "गोळी चालू होती?"

आशालताबाईंनी पट्टी पुढे केली. "रोज. शिबिरात सात दिवसांच्या दिल्या होत्या, त्याही घेतल्या असणार. गोळी कधी चुकवत नाहीत."

"आणि पाणी?"

"दिवसाला नऊ लिटर," मार्सेल म्हणाले. "ते एकटेच पूर्ण प्यायचे. आम्ही झाडांना घालायचो."

डॉक्टरांनी रुग्णवाहिका थांबवली. जास्त मिठाचं सलाईन मागवून ते थेंबाथेंबाने सुरू केलं आणि स्वतः शेजारी स्टूल घेऊन बसले. "घाईने चढवलं तरी धोका असतो," ते आशालताबाईंना म्हणाले. "रक्तातलं मीठ फार खाली गेलं की मेंदू सुजतो. संध्याकाळपर्यंत झटके आले असते." तीन तासांनी रिपोर्ट आला. आकडा बघून त्यांनी तो कागद बळीरामांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी विलासरावांनी डोळे उघडले, बायकोला ओळखलं आणि चहा मागितला. आशालताबाई बाहेर जाऊन पायरीवर बसल्या आणि पोटभर रडल्या. परत आल्या तेव्हा डॉक्टर नवऱ्याला सगळं सांगून गेले होते. विलासराव छताकडे बघत पडले होते.

"तू मला फसवलंस," ते म्हणाले.

"हो," आशालताबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर पंधरा दिवस विलासराव गच्चीवर गेले नाहीत. आशालताबाईंना वाटलं, माणूस शहाणा झाला. मुकाट्याने जेवायचे, ताट ठेवून उठायचे. एकदा तर त्यांनी पाण्याचा तांब्या स्वतः भरून आणला. तेवढ्यानेही आशालताबाईंना बरं वाटलं, खोटं कशाला बोलायचं.

मग बळीराम येऊ लागले. दोघं दार लावून बसत. जूनच्या दुसऱ्या रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात विलासरावांचं व्याख्यान ठरलं, आणि आशालताबाईंना पहिल्या रांगेत बसायला सांगितलं गेलं. मंचावर नवीन फलक होता, 'मित-लवण आरोग्य मंडळ'.

विलासराव उभे राहिले. आवाज पूर्वीसारखाच धीरगंभीर. "मित्रहो, गेली दोन वर्षं मी एक गुप्त प्रयोग करत होतो," ते म्हणाले. "स्वतःच्या शरीरावर. बाहेर मी शून्य मीठ सांगत होतो, आत वेगवेगळी मापं तपासत होतो. कामणला मी मुद्दाम शून्यावर गेलो, जिवाची पर्वा न करता. का? तर तुम्हाला पुराव्यानिशी सांगता यावं, की योग्य माप एकच. दिवसाला अर्धा चमचा." त्यांनी खिशातून एक चमचा काढून उंच धरला. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. मार्सेल तेवढे टाळी न वाजवता आशालताबाईंकडे बघत होते. अध्यक्षांनी आभार मानताना विलासरावांच्या पत्नीचाही उल्लेख केला, की शिबिरात पतीची सेवा करण्यासाठी त्या टँकरने धावत गेल्या.

आशालताबाई घरी आल्या. त्यांनी साडी बदलली, कुकर लावला, आमटी टाकली, दोडक्याची भाजी केली. पाट मांडले, ताटं वाढली. विलासराव हात धुऊन खुशीत येऊन बसले. "कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"छान झालं."

त्यांनी आमटीचा घास घेतला आणि ते थांबले. "यात मीठ नाही."

आशालताबाईंनी मिठाची वाटी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. "घ्या ना."

विलासरावांनी वाटीकडे पाहिलं. चिमूट उचलली, बघितली, परत ठेवली. "किती घालू?"

"अर्धा चमचा. दिवसभराचा."

"ते मला माहीत आहे. पण आमटीत किती, भाजीत किती, भातात किती?"

"तुम्ही दोन वर्षं मापं तपासलीत," आशालताबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच विलासरावांना जड गेलं.

विलासराव हळूच म्हणाले, "तू घाल."

"घालते. पुढच्या रविवारी मंचावरून सांगा, कोण घालतं ते. मग घालते."

आशालताबाईंनी आपल्या भातावर चिमूटभर मीठ भुरभुरवलं, आमटी ओतली आणि त्या जेवायला लागल्या. विलासरावांनी वाटी बाजूला सरकवली, मान खाली घातली आणि समोरचं ताट संपवलं. गेल्या दोन वर्षांत त्या घरात ते खरोखरचं अळणी जेवले ते त्या दुपारी, पहिल्यांदा.